उत्तरसूची न उघडता

गेल्या वर्षी माझी मुलगी सातवीत गेली आणि पहिल्याच घटक चाचणीत गणितात २० पैकी ७ गुण घेऊन घरी आली. वर्गशिक्षिका भेटल्या तेव्हा त्यांनी आपुलकीनं सांगितलं, "वही पूर्ण असते, गृहपाठ रोजच्या रोज करते, पण पेपरात काय होतं कोण जाणे. एखादा क्लास लावून बघा." पुण्यात आमच्या सिंहगड रोडला क्लासेसना तोटा नाही. तरी मी ठरवलं की आधी आपण स्वतः बसून बघायचं. मी एका पतसंस्थेत हिशेब बघते, आकड्यांशी रोजचाच संबंध आहे, आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत मी घरी पोचते. याला आता वर्ष उलटून गेलं. सहावी ते आठवीतली मुलं ज्यांच्या घरात आहेत त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

पहिले काही दिवस मी काहीच शिकवलं नाही, नुसती शेजारी बसून बघत राहिले. ती सरावसंचातलं गणित वहीत उतरवून घ्यायची, काहीतरी क्रिया करायची आणि लगेच पुस्तकाची शेवटची पानं उघडायची. उत्तर जुळलं की बरोबरची खूण. नाही जुळलं तर खोडरबर, मग बेरजेच्या जागी गुणाकार, गुणाकाराच्या जागी भागाकार, असं उत्तरसूचीतला आकडा येईपर्यंत चालायचं. वही पूर्ण दिसायची ती त्यामुळे. पेपरात शेवटची पानं नसतात. आपलं उत्तर बरोबर आलंय की चुकलंय हे ओळखायला तिच्याकडे स्वतःचं असं काही साधनच नव्हतं.

आमच्या पतसंस्थेत दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय कोणी जागचं उठत नाही, आणि ती जुळली की नाही हे सांगायला बाहेरून कोणी येत नाही. ताळा आपला आपणच करायचा. तीच शिस्त मी घरच्या टेबलावर आणली. पुस्तकाच्या शेवटच्या पानांना रबरबँड लावला आणि क्रम ठरवून टाकला: सोडवायच्या आधी उत्तर साधारण किती येईल ते तोंडी सांगायचं, मग सोडवायचं, मग आलेलं उत्तर गणितात परत घालून बघायचं. सुरुवातीला तिला याचा फार कंटाळा यायचा. एका कामाची तीन कामं झाली होती, आणि शाळेत तर कोणी असं करायला सांगत नव्हतं.

सगळ्यात आधी उघडे पडले ते अपूर्णांक. सातवीत परिमेय संख्या येतात, आणि तिनं १/३ + १/४ चं उत्तर २/७ लिहिलं होतं. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. नियम तिला येत नव्हता असं मुळीच नाही. विचारल्यावर तिनं घडाघडा म्हणून दाखवलं, "लसावि काढायचा, छेद समान करायचे, मग अंशांची बेरीज करायची." मी नियमाचं बोललेच नाही.

"१/३ म्हणजे छेद सहा केला तर किती?"

"२/६."

"मग २/६ मोठा की २/७?"

ती थोडा वेळ गप्प बसली. "२/६. सात भाग केले तर एकेक भाग लहान होणार ना."

"आणि तुझं उत्तर काय आलंय?"

"२/७. म्हणजे १/३ मध्ये मी आणखी मिळवलं, आणि ते १/३ पेक्षा कमी झालं? असं कसं होईल, आई?"

पुढचं मला काही सांगावं लागलं नाही. तिनं समच्छेद करून ७/१२ काढलं, आणि बारातले सहा म्हणजे अर्धा, तेव्हा हे अर्ध्याहून थोडंसं जास्त, हेही तिचं तीच बोलली. माझ्या मते या इयत्तांमधल्या गणितात एवढी एक गोष्ट साधली तर निम्मं काम झालं. ३/८, ५/९, ११/१० असला कोणताही अपूर्णांक समोर आला की तो अर्ध्याच्या अलीकडे की पलीकडे, एकाच्या अलीकडे की पलीकडे, हे बघताक्षणी सांगता आलं पाहिजे. त्याआधी समच्छेदाची कितीही गणितं करून घेतली तरी ती हातातून निसटतात.

त्यासाठी सातवीचं पुस्तक बाजूला ठेवून आम्ही पाचवी-सहावीच्या पुस्तकांवर गेलो. बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात, आणि अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत मिळते ती हाताळायला जास्त बरी. सातवीतल्या मुलीला पाचवीचं पुस्तक घेऊन बसणं लाजिरवाणं वाटू नये म्हणून मी त्याला खाकी कव्हर घालून दिलं. मोठ्या वर्गातल्या मुलाला खालच्या इयत्तेकडे नेताना त्याचा मान सांभाळायलाच हवा, हे मी प्रत्येक पालकाला सांगेन.

या कामात आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, फार मदत झाली. ते शाळेत होते तेव्हा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, त्यामुळे बाजारात पाव-अर्ध्या-पाऊणवाचून पान हलत नसे. एका संध्याकाळी वर्तमानपत्रातून मान वर न काढता आबा नातीला म्हणाले, "सात पाऊण किती गं?" तिनं वही ओढली. वहीत २१/४ येईपर्यंत आबांचं "सव्वापाच" सांगून झालं होतं.

ती मात्र उत्तरापाशीच अडली. सातला गुणलं आणि उत्तर सातापेक्षा कमी कसं? गुणाकार केला की संख्या वाढते, भागाकार केला की घटते, ही समजूत चौथीपर्यंत बरोबरच असते, कारण तिथवर गुणाकार-भागाकार पूर्ण संख्यांचेच. सहावीत अपूर्णांकांचा गुणाकार आला की ती मोडते, आणि मोडली आहे हे मुलाला कोणी सांगत नाही. आबांनी तिला पाऊण किलोच्या सात पुड्यांचं वजन करायला लावलं. मी विचारलं, सहा लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरलं तर पिशव्या किती? बारा. म्हणजे ६ भागिले १/२ बरोबर १२. भागलं आणि वाढलं. त्या दिवसापासून गुणायच्या किंवा भागायच्या आधी "वाढेल" की "घटेल" हे ती आधी बोलायला लागली. दशांश अपूर्णांकांचंही मग फारसं अडलं नाही. ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे, असं बरीच मुलं समजतात, तीही समजायची. ३५ पैसे आणि ४० पैसे म्हटल्यावर ते एका बैठकीत सुटलं.

पाढ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. समजून घेणं महत्त्वाचं, म्हणून पाठांतर नको, असं हल्ली बोलतात ते मला पटत नाही. ज्या मुलाला १२ आणि १८ चा लसावि काढताना बाराचा पाढा बोटांवर मोजावा लागतो, त्याचं सगळं लक्ष मोजण्यातच संपतं, विचार करायला काही उरत नाही. वीसपर्यंतचे पाढे आम्ही रोज भाजी निवडताना म्हटले. सहामाहीपर्यंत ते पक्के झाले.

याच सुमारास आमच्या टेबलावर आणखी एक जण बसायला लागला. सोसायटीच्या फाटकाशी इस्त्रीची टपरी आहे, त्यांचा मुलगा तेव्हा सहावीत होता. कपडे द्यायला वर यायचा. चौदा कपडे, आठ रुपयांप्रमाणे किती झाले म्हटलं की पिशवी खाली ठेवायच्या आत "एकशे बारा, काकू." एकदा तो मुलीच्या वहीत डोकावून बघत उभा राहिला, म्हणून त्यालाही कागद दिला आणि ६१८ भागिले ६ करायला सांगितलं. त्यानं अगदी नीट मांडणी करून उत्तर लिहिलं, १३.

"बरं, ६१८ रुपये सहा जणांत वाटायचे आहेत. एकेकाला किती येतील?"

"शंभराच्या वर येतील, काकू."

"आणि कागदावर?"

त्यानं कागदाकडे पाहिलं. सहाला सहानं भाग गेला, एक. मग १ खाली घेतला, त्यात सहा जात नाहीत म्हणून सरळ ८ खाली घेऊन अठराला भागलं होतं. "इथं शून्य द्यायचं राहिलं," असं म्हणत त्यानंच १ आणि ३ च्या मध्ये शून्य भरलं. तोंडी हिशेबात चलाख असलेलं हे पोर कागदावर ते सगळं विसरून जायचं, कारण तोंडी हिशेब टपरीवरचा आणि कागदावरचा शाळेतला, या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असतो हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. तेव्हापासून तोही आठवड्यातून दोन-तीनदा येतो.

हा भागाकार म्हणजे किरकोळ बाब नव्हे. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला सांगतात. २०२४ च्या अहवालात आठवीतल्या ४५.८ टक्के मुलांनाच ते जमलं होतं. पुण्यासारख्या शहरात चित्र वेगळं असेल असं मानून चालण्यात अर्थ नाही. माझ्या टेबलावर बसलेली दोन्ही मुलं पुण्यातलीच. आपल्या शहरात गणिताची गोडी असलेल्या मुलासाठी पुष्कळ वाटा आहेत. गणितज्ञ डॉ. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात ऑलिंपियाडची तयारी होते, शिष्यवृत्ती परीक्षा असते. पण जे मूल पाचवी-सहावीतच कुठेतरी थबकलंय, त्याच्यासाठी जिथे थबकलं तिथपर्यंत मागे जाणारं कोणी लागतं, आणि ते माणूस मिळणं फार दुर्मीळ आहे. बहुतेक क्लास शाळेच्या पुढे एक धडा धावतात.

पूर्णांक संख्यांत वेगळीच गंमत झाली. मुलीला −३ − ५ चं उत्तर +८ यायचं. का, तर "वजा वजा अधिक". गुणाकाराचा नियम बेरीज-वजाबाकीत शिरला होता. स्वारगेटहून मेट्रोनं आम्ही सिव्हिल कोर्टला उतरलो तेव्हा तिथेच हे समजावलं. ते स्थानक त्यासाठी फार उत्तम आहे. भुयारी मार्गिकेचा फलाट जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर आहे आणि वनाज-रामवाडी मार्गिकेचा फलाट जमिनीच्या वर. रस्ता म्हणजे शून्य. तीन मीटर खाली उभी आहेस आणि आणखी पाच मीटर खाली गेलीस, तर वर कशी येशील? सरकत्या जिन्यावर उभं राहून तिनं "वजा आठ" म्हटलं.

आणि मग गुणाकारात दोन ऋण मिळून धन का, हा तिचा प्रश्न आला. तो प्रश्न रास्त होता, "नियमच आहे" म्हणून मी तो उडवून लावला नाही. आम्ही एकाखाली एक लिहीत गेलो: ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. उत्तर दर ओळीला दोनानं वाढतंय. मग पुढची ओळ, (−१) × (−२), काय असणार? दोन. दुसरं काही आलं तर ओळीची चाल मोडेल. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानं धन आणि ऋण संख्यांचे नियम लिहून ठेवले आहेत, आणि त्यात धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. आमच्या पतसंस्थेत आजही जमेच्या आणि कर्जाच्या बाजूला त्याच नजरेनं बघतात, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिला फार अप्रूप वाटलं.

कंचेभागुबेव हे शाळेतलं सूत्र सगळ्यांना पाठ असतं: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. त्याचा एक तोटा आहे. सूत्रात बे आधी आणि व नंतर, म्हणून २० − ८ + ५ मध्ये दोन्ही मुलांनी आधी ८ + ५ केलं आणि उत्तर ७ काढलं. खरं तर बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवरच्या, डावीकडून ज्या क्रमानं येतील त्या क्रमानं करायच्या, भागाकार-गुणाकाराचंही तसंच. इस्त्रीवाल्यांच्या मुलाला म्हटलं, गल्ल्यात वीस रुपये होते, आठ दिले, पाच आले, आता किती? सतरा. कागदावरच्या चिन्हांना गोष्ट जोडली की तो चुकत नाही.

समीकरणांत फार दिवस गेले नाहीत. "बाजू बदलली की चिन्ह बदलतं" एवढंच पाठ असल्यामुळे मुलगी ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३ = ९ असं लिहायची. पण आता परत घालून बघायची सवय लागली होती. तीन नव्वे सत्तावीस, बारा कुठे आले? पुन्हा बस. ५क्ष − ७ = २क्ष + ८ सोडवून क्ष = ५ आल्यावर दोन्हीकडे १८ आले, तेव्हा तिनं पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं आणि उत्तरसूची मागितली नाही. भूमितीत तिचा हात मुळातच चांगला आहे. तिथे एवढंच केलं की कोनमापक ठेवायच्या आधी कोन काटकोनाहून लहान की मोठा ते बोलायचं. त्यामुळे कोनमापकावरच्या दोन मापांतलं चुकीचं माप वाचून ६० च्या जागी १२० लिहिणं थांबलं.

शेकडेवारीला मात्र आम्ही मनसोक्त वेळ दिला, आणि त्याचं श्रेय पुण्याच्या पावसाला. जुलै उजाडला की पुण्यातलं प्रत्येक घर खडकवासला साखळीतल्या धरणांचे टक्के वाचतं. चारही धरणांची साठवणक्षमता अशी आहे: खडकवासला १.९७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, एकूण २९.१५. सोपं जावं म्हणून आम्ही आमचेच आकडे घेतले. समजा खडकवासला १०० टक्के भरलं, पानशेत आणि वरसगाव ५०-५० टक्के आणि टेमघर २० टक्के. मग चारही मिळून किती टक्के?

दोघांनीही चार टक्क्यांची बेरीज करून चारानं भागलं, ५५. मी कागदावर चारही धरणांच्या क्षमतेच्या पट्ट्या प्रमाणात काढल्या, एक टीएमसीला एक सेंटिमीटर. खडकवासल्याची पट्टी दोन सेंटिमीटरसुद्धा भरेना, वरसगावची जवळजवळ तेरा. मुलगी बराच वेळ त्या पट्ट्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "खडकवासला एवढंसं आहे. ते पूर्ण भरलं तरी पाणी किती, दोन टीएमसी. मोठी दोन अर्धी आहेत, म्हणजे ५० च्या आसपास. आणि टेमघर खडकवासल्यापेक्षा मोठं असून रिकामं आहे, म्हणून ५० पेक्षा जरा कमीच." तिनं अजून एकही आकडा गुणला नव्हता. मग गुणाकार केले: १.९७ अधिक ५.३२५ अधिक ६.४१ अधिक ०.७४२, एकूण १४.४४७ टीएमसी, म्हणजे २९.१५ च्या ४९.६ टक्के. कशाचे टक्के, हा प्रश्न त्या दिवसापासून ती प्रत्येक ठिकाणी विचारते, दुकानातल्या सवलतीच्या पाटीलाही.

धरणांनी घातांक आणि व्यस्तप्रमाणही शिकवलं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, १० चा नववा घात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. मुठा नदीत दहा हजार क्युसेकनं पाणी सोडलं, तर एक टीएमसी पाणी जायला किती वेळ? १० चा नववा घात भागिले १० चा चौथा घात, घातांकांची वजाबाकी, १० चा पाचवा घात, एक लाख सेकंद. मुलांनी आधी "दोन-तीन तास" असा अंदाज केला होता. ३६०० नं भागल्यावर जवळजवळ २८ तास आले. विसर्ग दुप्पट केला की वेळ निम्मा, १४ तास. भिडे पूल पाण्याखाली गेल्याच्या बातम्या ती लहानपणापासून ऐकते आहे. आता विसर्गाचा आकडा आला की ती आणि तो मुलगा मनातल्या मनात तास काढतात आणि एकमेकांचं उत्तर तपासतात.

सातवीच्या दुसऱ्या सत्रात तिचे गुण चांगले वाढले. मला त्याहून जास्त समाधान याचं, की पेपर देऊन आल्यावर कोणतं गणित बरोबर आलंय आणि कोणतं चुकलंय हे ती घरी येऊन मला सांगायची, आणि निकाल आला तेव्हा ते बहुतेक तसंच निघालं.

आता ती आठवीत आहे आणि चक्रवाढव्याज चालू आहे, म्हणजे थेट माझ्या कामाचा विषय. मी तिला १०,००० रुपये, ८ टक्के दर, दोन वर्षं असं उदाहरण दिलं. सरळव्याजानं १६०० रुपये होतात हे तिनं तोंडीच सांगितलं, आणि चक्रवाढीनं "त्याहून थोडं जास्त, पण शंभरानं नाही" असा अंदाज केला. सोडवल्यावर १६६४ आले. वरचे ६४ कुठून आले असं मी विचारलं. तिनं वहीच्या समासात लिहून दाखवलं: पहिल्या वर्षाचं व्याज ८००, आणि त्या ८०० चे ८ टक्के.